कुणाचंच नसलेलं पाणी

आई लातूरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत दोन लुगडी आणि पत्र्याचा एक डबा होता. डब्यात राख आणि राखेत बी. वांग्याचं, अंबाडीचं, मेथीचं, शिवाय मूठभर धने. रेणापूरजवळच्या गावात ती एकटीच राहायची. न्हाणीत पडून मनगट मोडलं, म्हणून मी तिला जवळजवळ उचलूनच आणली.

मी शाळेत शिकवते. नवरा नांदेडला नोकरीला, शनिवारी येतो. घर, शाळा आणि आता आई. दमले म्हणायची लाज वाटावी असं माझं वय राहिलेलं नाही. त्यात आईचा हट्ट, की लेकीच्या घरचं अन्न खाऊ नये. अर्धी भाकरी घ्यायची, तीही कुणाची चोरून आणल्यासारखी खाली बघत खायची. मग तोडगा तिनंच काढला. आपल्या हातानं उगवलेलं ताटात पडलं तर राहीन, नाहीतर मनगट बरं झालं की गावाकडं जाईन. त्या बंद घरात, त्याच न्हाणीत ती परत एकटी, या विचारानंच मला धडकी भरायची. म्हणून एका रविवारी नवऱ्यानं आणि मी घमेल्यानं गच्चीवर माती चढवली. सोमवारी नवरा कंबर धरून एसटीत बसला.

आईनं धने चपलेखाली रगडून त्यांच्या फाळ्या केल्या, फुटक्या टोपल्यात रोपासाठी वांग्याचं बी टाकलं, मेथी फेकून पेरली. निम्मं बी मात्र परत राखेत ठेवलं. सगळं बी एकदम मातीत घालायचं नसतं, म्हणाली.

प्रश्न पाण्याचा. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा ज्यानं काढलाय, त्याच्या हातून लातुरात थेंब सांडत नाही. बोअरचं पाणी खारट, म्हणून प्यायला फिल्टर. त्याच्या बारक्या नळीतून जे पाणी वाया जातं ते आम्ही बादलीत धरतो आणि फरशी पुसतो. नळाचं पाणी रोपांना घालायला आई तयार नव्हती, ते लेकीचं. या बादलीकडे बोट दाखवून तिनं विचारलं, हे कुणाचं? कुणाचंच नाही, मी म्हटलं. तिचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून ती एका हातानं तांब्या तांब्या पाणी वर नेऊ लागली.

मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पिवळी पडली. कोथिंबिरीच्या कडा करपल्या. वांग्याच्या रोपांनी तर एकेक करून माना टाकल्या. आई नुसती टोपल्याजवळ बसून राहायची. एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर ती पिशवी भरून खाटेवर बसलेली.

"हितं माझं बी सुदिक रुजंना," ती म्हणाली. "मला गावाकडं नेऊन सोड."

मी पर्ससकट गच्चीवर गेले. मातीवर पांढरा थर धरला होता. बोटाला लावून जिभेवर ठेवला, तर खारट. चांगलं पाणी आपल्याला देऊन फिल्टर सगळा खार या बादलीत सोडतो, हे खाली येऊन मी तिला समजावून सांगितलं. बियाचा दोष नाही, तुझ्या हाताचा नाही, घराचाही नाही. तिनं ऐकून घेतलं. मग चांगलं पाणी घालावं लागंल आणि ते तुझं हाय, एवढंच बोलली.

मी तिथंच जमिनीवर बसले. संताप आला होता आणि रडूही.

"माझं आहे ना, मग मी माझ्या आईला देते," मी म्हटलं. "तू गेलीस तर रोज तिकडे धावणं मला होणार नाही. मी दमलेय, आई."

सकाळी उठले तर तांदळाचं धुवण पातेल्यात बाजूला काढून ठेवलेलं आणि राखेचा डबा उघडा होता. खारावलेली माती घमेल्यानं उतरवायची, नवी चढवायची, म्हणजे पुन्हा तोच जिना. चढवली. गुडघे अजून बोलतात.

पुढची मेथी टिकली. वितीएवढी झाल्यावर आईनं ती स्वतः खुडली, निवडली, लसणाची फोडणी दिली. मी शाळेतून आले तशी मला हात धुवायला लावून ताटावर बसवलं. स्वतःलाही वाढून घेतलं आणि अख्खी भाकरी खाल्ली, खाली न बघता. जेवण झाल्यावर सवयीनं मी दोन्ही ताटं उचलायला वाकले, तर तिनं बऱ्या हातानं माझं मनगट धरलं.

"बस," ती म्हणाली. "माहेरी आलेल्या लेकीनं ताटं उचलायची नसतात."

मी भिंतीला टेकून बसले. ती मोरीत ताटं घासत होती.