फक्कीने आखलेला कारखाना

आमच्या कारखान्याला भिंती नव्हत्या. गुडगावच्या बाहेर, मोहरीच्या शेतांना लागून एक रिकामा प्लॉट होता आणि दर रविवारी बाबा त्यावर चुन्याच्या फक्कीने खोल्या आखत.

बाबा दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्यांनी एक स्वस्त श्रवणयंत्र तयार केलं होतं. पहिला नमुना आईच्याच कानात होता. माझ्या जन्मानंतर तिला ऐकू येणं कमी होत गेलं होतं. यंत्र बनवण्याचा परवाना एका कंपनीला मिळाला, तेव्हा बाबांनी हट्टाने करारात एक अट घालून घेतली. संशोधनाचा पैसा सरकारचा, म्हणजे लोकांचा. तर यंत्र देशातच तयार झालं पाहिजे. कंपनीने हा प्लॉट त्यासाठीच घेतला होता. चौकीदार आम्हाला ओळखायचा.

स्कूटरवर मध्ये मी, मागे डबा सांभाळत आई. "ही जोडणी, ही तपासणी. इथे बायका बसतील, उजेड उत्तरेचा," बाबा चालता चालता सांगायचे. रेघेच्या आत येताना आई सगळ्यांना चपला काढायला लावायची. मग आम्ही 'कँटीन'मध्ये पोळी-भाजी खायचो. ऊन मऊ असायचं, लांब कुठेतरी मोर ओरडायचा आणि आई कानाला हात लावून हसायची. त्या पांढऱ्या रेघांवर माझा जितका विश्वास होता, तितका पुढे कुठल्याच भिंतीवर बसला नाही. आठवड्याभरात रेघा पुसून जायच्या. बाबा नव्याने आखायचे, आणि दर वेळी तपासणीची खोली थोडी मोठी व्हायची.

मग बाजार खुला झाला. कंपनी म्हणू लागली, यंत्र परदेशात बनवून आणणं स्वस्त पडतं. अटीतून सूट द्या, नाहीतर आम्ही करार सोडतो. दुसरं कोणी पुढे येत नव्हतं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी बाबांचं लेखी मत मागितलं. बाबा पंधरा दिवस तो कोरा कागद बॅगेतून नेत-आणत राहिले. तसे शांत, पण हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

शेवटी आई बोलली. "देऊन टाका सूट."

"मग अट कशाला घातली मी?"

"बरोबरच घातलीत, बिल्कुल बरोबर. पण कपाटात पडलेल्या यंत्राने कुणाला ऐकू येणार? मला येतंय, कारण मी तुमच्या घरात आहे."

बाबांनी सही केली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. मी आईवर रागावले, दोन दिवस तिच्याशी बोललेच नाही.

रविवारी आईनेच डबा भरला आणि आम्हाला बाहेर काढलं. बाबांनी फक्की घेतली नव्हती. आईने घेतली होती. प्लॉटवर पोचल्यावर बाबा स्कूटरपाशीच उभे राहिले. आईने पदर खोचला आणि एका कोपऱ्यात लहानशी, वाकडीतिकडी खोली आखली. एकच.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"दुरुस्ती विभाग," आई म्हणाली. "बनू देत कुठेही. बिघडणार तर इथेच ना?"

ती आत बसून डबा उघडायला लागली. बाबा स्कूटरपासून त्या रेघेपर्यंत आले. मग त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि ते आत आले.