सुदामने सोडलेला सा

सुदाम गेल्याचा फोन त्याच्या बायकोनेच केला. ‘ताई, हे गेले गो,’ एवढंच बोलली. मी टोकावड्याची, तो आटगावचा. मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

नव्वदच्या सुमाराला हळदीच्या कार्यक्रमांत आमची गाठ पडली. मी गाणारी, तो की-बोर्डवाला. एरवी शहापूरकडच्या एका शाळेत शिपाई. तिथल्या जुन्या पियानोवरची धूळ पुसता पुसता संगीताच्या बाईंकडून कॉर्ड्स, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे, ते शिकला आणि कायमचा बिघडला. सा-ग-प या तीन सुरांवर अख्ख्या तालुक्याच्या हळदी पार पडत होत्या. याला त्यात नी हवा, वर रे हवा. आणि एवढं घालून अंगठा उचलायचा, सा सोडून द्यायचा! ‘खालचा सा बेस गिटारवाला धरतोय ना, ताई. मी कशाला परत तोच वाजवू? जरा जागा ठेवू दे.’ ऐकायला गोड लागायचं, पण हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

मुरबाडच्या एका हळदीला बेसवाला आलाच नाही. सुदामची बोटं सवयीने सा सोडून पडली आणि भर मांडवात माझा सूर सुटला. पाहुणे हसले. मी माइकवरूनच ओरडले, ‘शहाणपणा नको, सरळ वाजव!’

‘चुकलं माझं, ताई,’ म्हणाला. चूक त्याची होतीच. पण पुढची दहा-बारा वर्षं माझ्यामागे त्याने फक्त सा-ग-प वाजवलं. वाजव रे तुझं ते, असं मी एकदाही म्हटलं नाही. माझा ताठा, दुसरं काय.

शेवटचा भेटला तेव्हा म्हणाला, ‘तुमचं हळदीचं गाणं बसवलंय मी. एकदा गाऊन बघा ना.’ मला घाई होती. पुढच्या वेळी बघू, म्हटलं...

परवा सुदामच्या घरी गेले, तेव्हा वहिनींनी त्याचा की-बोर्ड सुरू करून दिला. ‘ताईंसाठी यात गाणं भरून ठेवलंय म्हणायचे. मला काय समजत नाय.’ माझंच गाणं, नुसत्या कॉर्ड्स. मी श्वास घेते तिथे थांबलेल्या. वर नी, रे, सगळं त्याचं. आणि खाली, पहिल्या ठोक्यापासून, बेसचा ठळक सा. तो मात्र या वेळी त्याने स्वतःच भरला होता.

मी त्यावर गायला लागले. आता सूर सुटायचं काही कारण नव्हतं. तरी दुसऱ्याच ओळीला सुटला. मी वहिनींना म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून लावा.