रडण्याला कुकर

रंजनाबाई कोणाच्याही घरी गेल्या की आधी पंखा बंद करायला लावायच्या. भर उन्हाळ्यातसुद्धा. मग मोबाइल पुढे सरकवून म्हणायच्या, "बोला आता. मोकळं बोला."

कुरखेड्यात आम्ही दोघं एकाच कामावर होतो. एका कंपनीला यंत्राला माणसाचं मन ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी आमच्या भागातलं हसणं, भांडणं, रडणं हवं होतं. गावकऱ्यांनी ते मोबाइलवर टिपून पाठवायचं, रंजनाबाईंनी ऐकून पास-नापास करायचं आणि मी पुढे धाडायचं. हसणं भरपूर आलं. रडणं मात्र कोणी पाठवेना. तेव्हा बक्षिसाची कल्पना रंजनाबाईंनीच काढली. जो सगळ्यात चांगलं रडणं पाठवेल, त्याला दर महिन्याला प्रेशर कुकर.

लोक खोटं रडू लागले. बाई लगेच ओळखायच्या. "नाटक आहे. नाक नाई भरलं याचं," म्हणून पुसून टाकायच्या. मग हळूहळू खरं येऊ लागलं. एका सुनेने सासूपुढे सासूच्याच बुडून गेलेल्या मुलाचा विषय काढला, म्हातारीला रडवलं, ते टिपलं आणि कुकर नेला. हे बरं नाही, असं मी म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हातारी तशीबी रोज रडते, भाऊ. आता घरात कुकर तरी आला."

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत त्यांच्या नवऱ्याला बांधावर साप चावला. मी पोचलो तेव्हा प्रेत अंगणात होतं. बाईंनी हंबरडा फोडला, तशा बाया जवळ सरकल्या. कोणाचा मोबाइल पदराआड होता, कोणाचा उघडा हातात. बाईंनी ते पाहिलं. पण रडणं त्यांना आवरलं नाही.

तेरवीनंतर त्या कामावर आल्या. तुमच्या अंगणातून आलेले आवाज मी ऐकतो, तुम्ही राहू द्या, असं मी म्हणत होतो. त्यांनी हेडफोन काढून घेतला. एकेक आवाज शेवटपर्यंत ऐकला. बरेचसे नापास केले, कारण टिपणाऱ्या बायाच मधे बोलत होत्या. नणंदेने पाठवलेला तेवढा त्यांनी दोनदा ऐकला.

"हे खरं आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मले वाटलं, मी नाटक करून राह्यली."

त्या महिन्याचा कुकर नणंदेने नेला.