काशीराम गुरवाने विचारलेले प्रश्न

काशीराम गुरवाकडे कौल लावायला जायचं म्हणजे आधी स्वतःची उलटतपासणी करून घ्यायची तयारी ठेवायची. संगमेश्वरापासून आत, कातळ ओलांडून गेलं की वाघजाईचं देऊळ लागतं. त्या देवळाच्या पूजेची पाळी ज्या वर्षी काशीरामकडे असते, त्या वर्षी गावकरी पायरी जरा दबकूनच चढतात. देवीला नव्हे हो, काशीरामला भिऊन.

रीत तशी साधी. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. दुसरा कोणी गुरव पाच मिनिटांत मोकळा होईल. काशीराम मात्र पाकळ्यांना हात लावण्याआधी समोरच्याकडे चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "काय विचारायचं हाय? नीट सांग."

एकदा आत्माराम आला. विहिरीला पाणी लागेल काय ते देवीला विचारा म्हणाला.

"कुठल्या विहिरीला?"

"खोदायची हाय ती."

"कुठं खोदणार?"

"ते अजून ठरवलं नाय."

झालं! काशीराम भडकला. "मग देवीनं काय कुदळ घेऊन तुझ्या मागनं फिरायचं? जा. आजूबाजूच्या विहिरींना किती फुटांवर पाणी लागलं ते विचारून ये. जमिनीतलं पाणी बघणाऱ्या सरकारी माणसाला जागा दाखव. दोन जागा नक्की कर, मग तोंड दाखव." आत्माराम पुटपुटत गेला आणि आठ दिवसांनी दोन जागा ठरवून आला. मग कौल लागला, विहीर झाली, पाणीही लागलं. देवी पावली म्हणून तो अजून गावभर सांगत फिरतो. "पावली ती पावलीच," काशीराम म्हणतो, "पण आठ दिवस तंगडतोड केलीस ती कोणाच्या सांगण्यावरनं, ते पण सांग की लोकांना."

नवरामुलगा दारू पितो काय, हे विचारायला येणाऱ्यांना तो थेट त्या मुलाच्या गावच्या टपरीवर पाठवायचा. माणसाला विचारून जे कळतं ते देवीला विचारायचं नाही, उरेल तेवढंच तिच्यापुढे ठेवायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा खाक्या. म्हातारा तिरसट खरा, पण गावाचा जीव त्याच्यावर. त्याच्याकडून ओरडा खाऊन परत गेलेल्यांपैकी निम्म्यांचं काम कौल न लावताच झालेलं असायचं.

असा हा माणूस घरच्या गोष्टीत मात्र पार चुकला.

त्याची मुलगी शमिका नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. अंगणात काशीराम काजूच्या बिया भाजत होता. टरफलातलं तेल पेटलं की भडका उडतो, आणि वेळेवर राख टाकून तो विझवावा लागतो. "जवळ ये गो, राख कशी टाकायची ते दाखवतो," असं म्हणून त्यानंच पोरीला बोलावलं. ती जवळ आली, एक बी फुटली आणि उकळतं तेल तिच्या डाव्या गालावर उडालं. गालापासून हनुवटीपर्यंत कातडी भाजली. जखम भरली, पण व्रण आखडला आणि ओठाचा डावा कोपरा कायमचा खाली ओढला गेला. त्या वर्षापासून काशीरामच्या घरी काजू भाजणं बंद झालं. त्या दिवसाबद्दल तो बायकोशी बोलला नाही, पोरीशी तर नाहीच नाही.

शमिका आता सव्वीस वर्षांची. रत्नागिरीत विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी करते, शनिवारी घरी येते. बोलायला चटपटीत, कामात चोख. यंदा शिमग्याला काशीरामचा पुतण्या दर्शन मुंबईहून आला आणि पालखी नाचवून झाल्यावर मोबाइल घेऊन तिच्याशेजारी बसला.

"बघ, हा मुंबईचा डॉक्टर. मोठमोठ्या नट्या जातात याच्याकडे. महिन्यातनं दोनदा रत्नागिरीत येतो. डाग शंभर टक्के जाणार, सकाळी गेलीस की संध्याकाळी घरी. पाडव्याआधी नाव नोंदवलं तर सवलत पण हाय."

फोटो होतेच. आधीचा काळाकुट्ट, नंतरचा गुळगुळीत. शमिकानं ते दोनदा पाहिले आणि बापाला म्हणाली, "बाबा, मला करायचं आहे." सगळा डाग जाणार, एवढं एकच वाक्य काशीरामच्या कानात शिरलं होतं. दर्शननं तिथल्या तिथं नाव नोंदवून टाकलं.

आता एवढ्या मोठ्या कामाला देवीला विचारायलाच हवं. यंदा देवळाची पाळी काशीरामच्या चुलतभावाकडे, बाळाकडे होती. बाळा त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, कौल लावायला त्याच्याच हाताखाली शिकलेला. जन्मात पहिल्यांदा काशीराम कौल विचारायला येणाऱ्यांच्या बाजूला हात जोडून उभा राहिला.

"काय विचारू, दादा?"

"विचार, माझ्या पोरीचं तोंड पहिल्यासारखं होईल काय."

बाळा क्षणभर घुटमळला. मग त्यानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी लगेच पडली. शमिकाच्या आईनं, सावित्रीनं, तिथंच डोळ्यांना पदर लावला. काशीराम घरी आला.

दुपारी बाळा अंगणात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"दादा, रागावू नको. आज तुझ्या जागी दुसरा कोण असता तर तू त्याला पायरीवरनं परत पाठवला असतास."

"का म्हणून?"

"डॉक्टर कोण, काय शिकलाय, कुठं कापणार, काय विचारलंस तू? देवीनं पोरीचं बरं होईल म्हटलं. कोणाच्या हातनं, ते कुठं म्हटलं?"

काशीराम असा काही उसळला म्हणता! मला शिकवतोस काय, काल मिसरूड फुटलं तुला, सगळं बोलून झालं. बाळा खाली मान घालून ऐकत राहिला. बोलता बोलता काशीरामचा आवाज आपोआप खाली आला. तो ओटीवर टेकला. मग म्हणाला, "अक्कल आली रे तुला. आणि माझी गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरोग्य केंद्रात हजर. तिथल्या डॉक्टरीणबाई त्याला ओळखून होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं. एमबीबीएस झाल्यावर प्लास्टिक सर्जरीचं वेगळं शिक्षण असतं, एम.सीएच. नाहीतर डी.एन.बी., त्यात वर्षं जातात. नुसतं कॉस्मेटिक लिहिलेली पाटी बघून जायचं नाही. वैद्यकीय परिषदेच्या यादीत डॉक्टरचं नाव आणि पदव्या बघता येतात. भूल कोण देणार, ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात होणार, नंतर काही बिघडलं तर कोण बघणार, हे आधी विचारायचं. काशीरामनं सगळं दोनदा म्हणवून घेतलं. शमिका शनिवारी आली तेव्हा तिला सांगून वहीत उतरवून घेतलं.

"बाबा, मोठ्या डॉक्टरला असलं विचारतात काय? शोभतं काय ते?"

"देवीला विचारलेलं चालतं, आणि डॉक्टरला विचारलेलं चालत नाय?"

त्या डॉक्टरचं रत्नागिरीतलं क्लिनिक एका कपड्यांच्या दुकानाच्या वर होतं. आत गारेगार, अत्तराचा वास, भिंतीवर नट्यांचे फोटो. डॉक्टर तरुण, देखणा, गोड बोलणारा. काशीरामनं हात जोडले आणि सुरुवात केली.

"डॉक्टर, तुमची प्लास्टिक सर्जरीची पदवी कंची?"

"मी कॉस्मेटिक सर्जन आहे, बाबा."

"ते पाटीवर वाचलं. पदवी कंची ते विचारतोय."

डॉक्टरनं हसून भिंतीकडे बोट केलं. शमिका उठली आणि चौकटींतलं इंग्रजी वाचू लागली. एक प्रमाणपत्र परदेशातल्या चार दिवसांच्या शिबिराचं होतं, दुसरं लेसर मशीन विकणाऱ्या कंपनीचं, तिसरं कुठल्याशा सौंदर्य संमेलनाचं. ती परत येऊन बसली.

"परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगता?"

"देईल बाहेरची मुलगी."

"भूल कोण देणार?"

"छोटंसं इंजेक्शन असतं, मीच देतो."

"कुठं करणार?"

"इथंच, आतल्या खोलीत."

"आणि तुम्ही मुंबईला गेल्यावर पोरीला काय झालं तर?"

"काही होत नाही हो, बाबा. शंभर टक्के खात्री!"

काशीराम उठला. "डॉक्टर, चाळीस वर्षं देवीपुढं उभा राहिलोय मी. ती पण सगळ्यांना उजवा कौल देत नाय. तुम्ही कसा काय देता?"

बाहेरच्या मुलीनं नोंदणी क्रमांक काही दिला नाही. सर बिझी आहेत म्हणाली.

एसटीच्या फलाटावर आल्यावर शमिकाला रडू फुटलं. "तो खोटारडा होता, कळलं मला. पण सगळा डाग जाईल असं म्हणणारा तोच एक होता ना!" आपण दुसरा बघू गो, चांगला बघू, एवढंच काशीराम पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

दुसरा डॉक्टर शोधायला पाच आठवडे गेले. शमिकानं परिषदेच्या यादीत नावं ताडून पाहिली, आरोग्य केंद्राच्या बाईंनी दोन ठिकाणी फोन केले. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव पक्कं झालं. आंबा घाट चढून बापलेक तिथं पोचले. रुग्णालय जुनं, बसायला लाकडी बाक, अत्तराचा पत्ता नाही.

बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी शमिकाला उजेडात बसवलं, व्रण बोटांनी दाबून पाहिला. गाल फुगवायला लावला, शीळ घालायला लावली, हसायला लावलं. मग काशीरामनं वही उघडली. बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर न कंटाळता दिलं. पदवी सांगितली, भूलतज्ज्ञाचं नाव सांगितलं, रात्री-बेरात्री कोण असतं तेही सांगितलं. काजूच्या तेलानं भाजलेले तुमच्या भागातले सातआठ जण मी केलेत, म्हणाल्या. त्यातल्या सावर्ड्याच्या एका बाईला विचारून, तिची हरकत नाही म्हटल्यावर तिच्याशी फोनवर बोलूही दिलं. काशीराम मनातून खूश झाला. शेवटचा प्रश्न त्यानं वहीत न बघताच विचारला.

"डाग सगळा जाईल ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आखडलेली कातडी सोडवता येईल, ओठ सरळ होईल. रेघ राहणार. कदाचित दोनदा करावं लागेल. सगळा जाईल असं मी सांगणार नाही."

गावातल्या शेकडो लोकांना डावा कौल काशीरामनं तोंडावर सांगितला होता. स्वतःच्या वाट्याला आला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला.

बाई शमिकाकडे वळल्या. "तुला स्वतःला काय हवंय?"

"हसताना ओठ ओढला जातो तो सुटला की बस," शमिका म्हणाली. "गालाचं मला काही नाही. सवय झाली आता."

काशीराम चमकला. "मग त्या मुंबईवाल्याकडे सगळा डाग काढायला निघालीस ती कशाला?"

शमिकानं बाईंकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्यासाठी, बाबा. सतरा वर्षं तुम्ही माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघता. म्हटलं, डाग गेला तर वर बघाल."

डॉक्टरीणबाई उगाच कागद चाळू लागल्या. काशीरामनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग मान वर केली आणि पोरीच्या डाव्या गालाकडे बघितलं. गालापासून हनुवटीपर्यंत, नीट, सावकाश. हा डाग एवढा मोठा आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"तेव्हा लय दुखलं होतं काय गो?" त्यानं विचारलं.

"लय," शमिका म्हणाली.

"माझ्यामुळं झालं ते. मीच बोलावलं तुला जवळ."

"माहीत आहे मला. राग कधीच नव्हता, बाबा. तुम्ही बघत नव्हता त्याचंच वाईट वाटायचं."

मग मात्र म्हातारा हमसून हमसून रडला. रुमाल बाईंनी दिला.

ऑपरेशन मे महिन्यात झालं. टाके निघाले, सूज उतरली, ओठ सुटला. रेघ आहे गालावर, बाईंनी सांगितली होती तशीच. शमिका शनिवारी घरी आली की आता काशीराम तिच्यासमोर पाट घेऊन बसतो आणि बोलताना तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतो, इतका की शेवटी तीच ओरडते, "बाबा, पुरे झालं बघून, चहा थंड होतोय."