जिजीचा दहावा आणि माझी चौदा पानं

आमच्या जिजीला हे जग सोडायला शहाण्णव वर्षं लागली, आणि तिच्या पिंडाला कावळा शिवायला माझ्यामुळं पाऊण तास.

जिजी म्हणजे माझी आजी. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण वडगाव रासाईतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. दहाव्याला भीमेच्या घाटावर जमलेल्यांतले कितीतरी जण तिनंच जगात आणलेले. मलाही तिनंच आणलं, आणि माझं रडं ऐकून तिथल्या तिथं म्हणाली होती म्हणे, "ह्ये प्वार बोलून बोलून लोकांचा जीव खाणार."

तिची एकच इच्छा राहिली होती. माझ्या चुलत्याची, नानांची वैशाली नुकतीच बारावी झालेली. तिनं शिरूरला नर्सिंग शिकावं. नानांनी मात्र स्थळं बघायला घेतली होती. त्यांच्यापुढं जिजीचं चाललं नाही तिथं आमचं काय चालणार?

आमच्याकडं दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतातच. मी चौदा पानं लिहून नेली होती. आवाज नदीपल्याड जावा म्हणून मंडपवाल्याला सांगून कर्णा चिंचेच्या शेंड्याला बांधून घेतला. (घाटावरचे कावळे त्याच चिंचेवर बसतात, हे डोक्यात आलं नाही. डोक्यात चौदा पानं होती.)

नानांनी पिंड ठेवले, मंडळी मागं सरली. मी माईक धरून "पूजनीय जिजी" म्हणालो आणि झाडावरचे कावळे थेट पलीकडच्या उसात गेले.

दहा मिनिटं झाली. गुरुजी म्हणाले, "म्हातारीची काही इच्छा राहिली असंल. बोला कुणीतरी."

काकूंनी हात जोडले. "जिजी, तुमची म्हस इकत न्हाई."

एक कावळा चिंचेवर टेकला. मी चौथं पान सुरू केलं, तो उडाला.

मग आत्या पुढं झाली. "जिजी, तुझी नथ माझ्यापाशी हाय. परत देते." (ती नथ हरवली म्हणून आम्ही तीन वर्षं घर उकरत होतो.)

सहाव्या पानावर माझ्या लक्षात आलं. मी बोललो की कावळे उडतात, दम घेतला की परततात. लाजेनं थांबणारच होतो, तेवढ्यात काकूंच्या मागं खाली मान घालून उभी असलेली वैशाली दिसली. आणि तिच्याकडं चोरून बघणारे नाना.

मनातल्या मनात म्हणालो, जिजी, अजून जरा कळ काढ. आणि सातवं पान उलटलं.

अकराव्या पानाला नाना मोडले. लोक सकाळपासून उपाशी, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर.

"जिजी, पोरीला शिरूरला धाडतो," नानांचा आवाज फुटला. "लगीन शिकून झाल्यावर बघू. आता तरी घास घे, आये."

मी अर्ध्या वाक्यात माईक बंद केला. दोन मिनिटांत तीन कावळे पिंडावर उतरले. वैशाली रडली. मीही रडलो, आणि ते भाषणात लिहिलेलं नव्हतं.

वैशाली आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात, जिजीनं अडून बसून नातीचं भलं केलं. कर्ण्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही. नानांनी मात्र मला आत्ताच बजावून ठेवलंय, "माझ्या दहाव्याला तू येऊ नको. मला लवकर जायचं असंल."