उत्तर मराठीत आलं

ईशान, मीरा — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. रोह्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी व्याकरण शिकवलं. नियमात न बसणारं वाक्य मी खोडत आले. हे मात्र खोडता येत नाही…

ईशान, तू आजोबांना व्हिडिओ कॉलवर पायथन शिकवलंस, आठवतं? त्यांनी एकच प्रोग्रॅम लिहिला — गणपतीला मोदक किती करायचे. तो विचारायचा, "किती पानं?" जेवायला बसणाऱ्यांचा आकडा टाकायचा. माणशी पाच, वर देवाचे एकवीस.

आजोबा हट्टाने मराठी आकडे टाकायचे. मला वाटलं, मशीन अडेल. पण पायथनला आपला १२ आणि इंग्रजी 12 सारखेच कळतात! उत्तर मात्र कायम इंग्रजी आकड्यांत.

"विचारलं मराठीत, उत्तर इंग्रजीत," आजोबा मला चिडवायचे. "तुझाच भाऊ दिसतो!"

ते गेले त्या वर्षी गणपती आणला नाही. यंदा तुमचा बाबा म्हणाला, "आई, एकटीनं कशाला? बंदच करू." मीही मनातून हो म्हटलं होतं. मूर्ती ठरवायला दरवर्षी जोह्याच्या गणपती-कारखान्यात जाणारा आपला पाट माळ्यावरच राहिला. एका दुपारी मूर्तिकाराचा फोन —

"काकू, पाट नाय आला तुमचा. मूर्ती ठेवू, का देऊ दुसऱ्यांना?"

"तासाभरात सांगते."

उगाचच कॉम्प्युटर लावला. किती पानं? मी १ टाकलं. तो एकटा आकडा बघवेना, म्हणून झटकन एंटर दाबलं.

३१.

इंग्रजी नव्हे — मराठी ३१. आणि एका पानाचे होतात सव्वीस. एकतीस दोघांचे!

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेच. मग फोन केला, "पाट उद्या आणते."

"या, या! आमी म्हटलंच, काकू मोडायच्या नाय."

ईशान, तू म्हणालास, "आजी, सवयीनं २ दाबलं असशील." असेल. "आणि आकडे मराठीत?" मी विचारलं. तू म्हणालास, "प्रोग्रॅममध्ये तशी ओळच नाही गं." तुझ्यासमोर मुद्दाम २ टाकलं, तर आलं साधं इंग्रजी 31.

कारण अजून सापडलेलं नाही. मी एकतीस मोदक केले, दोन पानं वाढली.

परवाही तो प्रोग्रॅम चालवून पाहिला. उत्तर इंग्रजीतच आलं. मी मात्र मराठीतच विचारते.