झालं म्हणून समज

माझं काम काय आहे हे घरच्यांना सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. लोकांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ एवढं पुरतं आणि आताशा मलाही तेवढंच पुरतं. तरी इथं एकदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुम्ही मोबाइलवर जे पान उघडता, ज्यावर बटणं असतात, याद्या सरकतात, रंग बदलतात, ते पुढचं. आणि दूर कुठल्यातरी बंद खोलीतल्या यंत्रात खरी माहिती साठवलेली असते, ते मागचं. पुढच्यानं मागच्याला विचारायचं, मागच्यानं उत्तर द्यायचं आणि मधल्या मध्ये निरोप हरवू द्यायचा नाही, हे माझं काम. सांगलीतल्या एका लहान कंपनीत मी सोळा वर्षं हेच करते आहे. मान आखडली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि कुणी ‘काय नवीन?’ असं विचारलं की उगाच चीड येते. नवीन काय असणार! दर दोन वर्षांनी पुढचं आणखी देखणं होतं आणि मागचं आहे तसंच रडतखडत चालत राहतं.

काही वर्षांपूर्वी एका दूध संघाचं काम आमच्याकडे आलं. संघाचे जनावरांचे डॉक्टर गावोगाव फिरायचे. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्यानं केंद्रावर फोन करायचा, तिथले काका लिहून घ्यायचे आणि डॉक्टरांना कळवायचे. संघाला हा फोन बंद करून मोबाइलवरचं पान हवं होतं. बटण दाबलं की नोंद, आणि नोंद झाली की ती थेट डॉक्टरांच्या मोबाइलवर.

आधीची पद्धत समजून घ्यायला मी आठवडाभर त्या काकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काका फौजेतून निवृत्त झालेले, मिशी पांढरी, टेबलावर वही आणि स्टीलचा तांब्या. फोन आला की ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “आता परत सांगा. गाव कुठलं? जनावर कुठलं? कवापासनं आजारी हाय?” मग डॉक्टरांना फोन. डॉक्टरांनाही तेच सगळं परत म्हणायला लावायचे. मग पुन्हा शेतकऱ्याला फोन, “डॉक्टरनी ऐकलंय, निघाल्यात.” हे सगळं झाल्यावरच वहीत बरोबरची खूण.

मला ते बघूनच थकवा यायचा. एकदा न राहवून मी म्हणाले, “काका, एका नोंदीला तीन फोन? कशाला एवढं?”

“मॅडम, बावीस वर्सं वायरलेसवर बसलोय मी,” काका म्हणाले. “आपण बोललो म्हंजे निरोप ग्येला आसं नसतंय. समोरच्यानं परत म्हणून दावला, की मग ग्येला.”

मी हसले आणि माझ्या डायरीत लिहिलं, ‘इथे वेळ वाचवता येईल.’ ती डायरी अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही.

पान तयार झालं आणि संघाच्या बैठकीत दाखवायची वेळ आली. एका संचालकांनी बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. संघाचं मागचं यंत्र जुनं, त्याला उत्तर द्यायला सहा-सात सेकंद लागायचे. बैठकीत सहा-सात सेकंद म्हणजे काय ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच ठाऊक. चहाचे कप वाजले, कुणीतरी खोकलं, आणि संचालक म्हणाले, “ह्यापेक्षा आमचा फोन काय वाईट होता?”

परतताना गाडीत आमचे साहेब एकच वाक्य बोलले. “बटण दाबल्या दाबल्या हिरवं झालं पाहिजे.”

ते करता येतं. आमच्या धंद्यात सगळेच करतात. बटण दाबताच पान हिरवं होऊन ‘नोंद झाली’ म्हणतं, आणि मागच्याला निरोप त्यानंतर सावकाश जातो. बहुतेक वेळा पोचतोच. नाहीच पोचला तर वर बारीक लाल ओळ येते. पण तोवर माणसानं मोबाइल खिशात टाकलेला असतो. पान बंद झालं की निरोपही संपला आणि लाल ओळही संपली. हे मला पक्कं माहीत होतं. पण मी तरी कुठल्या लोकांतली? आपल्याकडे शिंपी, गवंडी, सुतार, कुणालाही काम सांगा, तो ‘बघतो’ म्हणत नाही. ‘झालं म्हणून समजा’ म्हणतो. समोरच्याचं तोंड गोड राहतं आणि आपल्यालाही जरा उसंत मिळते. मी बटणाला तेवढंच शिकवलं. पुढच्या बैठकीत टाळ्या पडल्या.

औंधच्या अलीकडे एका वस्तीवर माझी आत्या राहते. एकटी. तिच्याकडे एक म्हैस होती, दूध याच संघाला जायचं, आणि आत्याचं निम्मं बोलणं तिच्याशीच चालायचं. म्हैस गाभण होती. मी मुद्दाम जाऊन आत्याच्या मोबाइलवर ते पान घालून दिलं, दोनदा दाबून दाखवलं आणि सांगितलं, “आता फोनबिन करायचा नाही. हे बटण दाब. हिरवं झालं की डॉक्टर निघाले, झालं म्हणून समज.” आत्यानं शेजारणीला बोलावून ते हिरवं दाखवलं. “भाचीनं केलंय,” म्हणाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हैस विताना अडली ती सकाळी. वस्तीवर रेंज नाही, ती वरच्या बांधावर चढलं की येते. आत्या बांधावर गेली, बटण दाबलं, हिरवं झालेलं बघितलं, मोबाइल बंद करून कमरेला खोचला आणि धावत गोठ्याकडे उतरली. बांधावर आणखी दहा सेकंद थांबली असती तर निरोप गेला असता. पण हिरवं झाल्यावर कोण थांबेल?

ती वाट बघत बसली. शेजारीण दोनदा म्हणाली, “आवं, केंद्रावर फोन तरी करा.” आत्या म्हणाली, नोंद झालीय, एकदा सांगितल्यावर परत परत सांगणं बरं दिसत नाही. दुपार उलटल्यावर शेजारणीनंच तिला न विचारता बांधावर जाऊन जुन्या नंबरवर फोन लावला. नशिबानं काकांचा तो शेवटचा महिना होता आणि ते अजून खुर्चीत होते. त्यांनी गाव परत सांगायला लावलं, जनावर परत सांगायला लावलं, आणि अर्ध्या तासात डॉक्टर गोठ्यात उभे होते. सकाळपासून ते शेजारच्याच गावात होते. रेडकू आत मेलं होतं. ते काढलं, पण म्हैस उठली नाही. दोन दिवसांनी गेली.

मला कळलं तेव्हा मी आधी मागच्या यंत्रात शोधलं. त्या सकाळची एकही नोंद आत्याच्या नावावर नव्हती. संघाच्या लेखी आत्यानं त्या दिवशी कुणाला हाक मारलीच नव्हती. मी रजा टाकली आणि विट्याला बस बदलून औंधला गेले.

दावं अजून खुंटाला होतं. आत्यानं चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, “माजंच चुकलं बग. बटण नीट दाबलं नसंल म्या. आडाणी माणूस.”

आणि मी नुसता चहा प्याले. ‘असू दे गं,’ असलं काहीतरी पुटपुटले. संध्याकाळच्या बसनं परत आले. सोळा वर्षांत मी कामात पुष्कळ चुका केल्यात, त्यांचं काही वाटत नाही. त्या चहाची लाज वाटते.

परत आल्यावर मी ते हिरवं काढून टाकलं. आता बटण दाबलं की पान करडं होतं आणि ‘पाठवतोय, थांबा’ म्हणतं. डॉक्टरांनी त्यांच्या मोबाइलवर स्वतः बोट ठेवल्याशिवाय हिरवं होत नाही. साहेब चिडले. संघातून तक्रारी आल्या की पान मंद झालंय. मी भांडलेसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, “असंच राहील.” माझा आवाज ऐकून साहेबांनी विषय सोडला असावा.

आत्याला खरं सांगायला मला तीन महिने लागले. तिच्या ओट्यावर बसून सांगितलं, “तू बटण बरोबर दाबलं होतंस. निरोप गेलाच नव्हता. मीच पानाला खोटं बोलायला लावलं होतं.”

आत्या शेंगा फोडत होती. हात थांबला. “खोटं कशापायी?”

“लोकांना थांबायला आवडत नाही, आत्या.”

“मी थांबलेच की गं,” ती म्हणाली. “दुपारपतूर.”

तिनं शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी फोडत बसलो. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिनं म्हैस घेतली नाही. आता वय झालं म्हणते. परवा तिचा फोन आला होता, बांधावरून. इकडची तिकडची चौकशी झाली, गुडघ्यांचं झालं. ठेवता ठेवता मी सवयीनं बोलून गेले, “दिवाळीला येतेय गं, झालं म्हणून समज.”

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं रेंज गेली.

“आल्यावर समजू,” आत्या म्हणाली.